जावयाचे तेहतीस फासे

अर्धे अनारसे तळून झाले होते, उरलेलं पीठ परातीत ओल्या फडक्याखाली होतं, तेवढ्यात सायलीने मान वर न करता सांगितलं, "मोहिनीताई, उद्यापासून मी खेळत नाही. माझ्या नवसाबाईला कुठेतरी गावी पाठवून द्या."

मोहिनीचा झारा हातातल्या हातात राहिला. कढईतल्या अनारशाने तेवढी संधी साधली. तुपात पसरला, फाटला आणि असा काही हसला की उचलायला गेलं तर नुसता चुरा हाती आला.

"गावी म्हणजे कुठे?"

"कुठेही. नाहीतरी कुणाचं अडतंय तिच्यावाचून? फक्त मारू नका बिचारीला."

एवढं बोलून सायली पुढचा गोळा खसखशीवर थापायला लागली. मोहिनीने गॅस बारीक केला, चुरा वाटीत काढला आणि मनातल्या मनात घरच्या जावयाला उद्देशून एक शब्द वापरला. तो शब्द एरवीही वापरू नये, आणि हा तर पुरुषोत्तम महिना होता.

ही मोहिनी म्हणजे अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला असलेल्या धनराजची बायको, घरातली थोरली सून. सायली तिची धाकटी जाऊ. सायलीचा नवरा हर्षल रेल्वेत, इगतपुरीला. ड्युट्या अशा की आठवड्यातून एखादी रात्र घरी. आणि घरात सासूबाई अक्काबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणत. सकाळी उठावं, आंघोळ, पूजा, पोथीचा अध्याय, मग डबे, मग धुणं, असा मोहिनीचा दिवस चारचौघींसारखाच जायचा. वेगळा होता तो फक्त रविवार. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की तिच्या हॉलमध्ये सतरंजी पडायची आणि खेळ सुरू व्हायचा.

तो खेळ घरात आला अठ्ठ्याण्णव साली. कारखान्यात नवं मशीन बसवायला परदेशातून एक इंजिनिअर आला होता. पावसाळाभर गेस्ट हाउसवर अडकला, तेव्हा वेळ घालवायला त्याने धनराजला आणि आणखी दोघांना हा खेळ शिकवला. जाताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि तऱ्हेतऱ्हेच्या पैलूंचे फासे ठेवून गेला. धनराजचा उत्साह दिवाळीपर्यंत टिकला. पुस्तक मग लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून आलं. मोहिनीने ते पुसून घेतलं, डिक्शनरी शेजारी घेऊन वाचलं, निम्मं समजलं, निम्मं सोडलं, आणि मोकळ्या राहिलेल्या जागी स्वतःच्या डोक्याने भर घातली.

या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, तो सूत्रधार. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. सूत्रधार म्हणतो, "घाट उतरताय, पुढचा साकव वाहून गेलाय. काय करता?" ज्याने त्याने आपल्या माणसाच्या वतीने बोलायचं, मी पोहून जातो, मी दोर टाकतो. ते जमलं की फसलं हे वीस पैलूंचा फासा सांगणार. आकडा मोठा पडला तर तरलात, लहान पडला तर वाहून गेलात. शिवाय प्रत्येक माणसाला एखादा खास गुण दिलेला असतो. मोहिनी त्याला 'वर' म्हणायची.

वराच्या बाबतीत तिला पुस्तकाची गरज पडली नाही. लहानपणापासून व्रतांच्या कहाण्या ऐकलेल्या बाईला एवढं कळतंच की वर दिला तर त्याला अट हवी. बिनअटीचा वर ज्याला मिळाला तो माजलाच, आणि मग निस्तरायला देवाला खाली यावं लागलं. म्हणून तिने एकही वर मोकळा सोडला नव्हता. अक्कांची कुसाबाई वैदीण जखम बरी करायची, पण एका बैठकीत एकाच माणसाची. धनराजचा पुंजा हमाल डोंगराएवढा दगड उचलायचा, पण एकदाच. नंतर त्याला धापा टाकत बसावं लागायचं. सायलीची नवसाबाई काळोखात बघायची, लांबचं ऐकायची, पण त्यासाठी सगळ्यांना मागे ठेवून तिने एकटीने पुढे जायचं.

आणि हीच सायली घरात वाटीभर आमटी मागून घ्यायची नाही. लग्न होऊन आली तशी 'हो' आणि 'चालेल' या दोन शब्दांवर तिने संसार रेटला होता. हर्षल नसला की खोलीतला दिवाही लवकर मालवला जायचा. पण रविवारी सतरंजीवर बसली की तिचा आवाजच निराळा.

"थांबा! कुणी पाऊल टाकू नका. पलीकडे माणसं दबा धरून बसलीत. पुंजादादा, पलिता विझवा. कुसाबाई, खोकू नका!"

साक्षात सासूला 'खोकू नका' म्हणाली होती, आणि अक्का तोंडाला पदर लावून गप्प बसल्या होत्या. तो आवाज ऐकायला मिळावा म्हणून मोहिनी आठवडाभर भांडी घासताना गोष्टी रचायची. आता नवसाबाई गावी गेली की तो आवाजही गेला. मग उरणार 'हो' आणि 'चालेल'.

या सगळ्याला कारण दिनेश.

दिनेश म्हणजे धनराजच्या बहिणीचा, तृप्तीचा नवरा. तिचं सासर नाशिकरोडला, त्यामुळे रविवारी स्कूटर काढली की जोडी दारात. माणूस वाईट नाही. हसरा, बोलका, सासूला 'अक्का, अक्का' करणारा. तृप्तीला खेळात गोडी नव्हती, ती टीव्हीपुढे बसायची; दिनेशला मात्र भारी हौस. हरणं तेवढं सोसायचं नाही. त्याचा शिलेदार रंगनाथ. त्याला मोहिनीने वर दिला होता की फासा मनासारखा पडला नाही तर परत टाकावा, बैठकीत एकदाच. ठीक चाललं होतं.

मग दोन हजार चारला अधिक श्रावण आला. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. अक्कांनी ताम्हनात तेहतीस अनारसे रचले, वर दिवा ठेवला, पळीभर पाणी सोडून जावयाला वाण दिलं. पुरणाचे धोंडे जेवून सगळे खेळायला बसले आणि त्या दुपारी रंगनाथाचा फासा पडला दोन. परत टाकला, पडला तीन. रंगनाथ दरीत.

दिनेश हसत हसत म्हणाला, "काय अक्का, अनारसे दिले तेहतीस आणि फासा एकच?"

"मग घ्या की जावईबापू! त्येबी तेहतीस दिले!" अक्का म्हणाल्या, आणि देव्हाऱ्यापुढचं ताम्हन हाताशी होतं, त्यातली पळी उचलून पाणीसुद्धा सोडलं. सगळे पोट धरून हसले.

पुढच्या रविवारी दिनेशने सतरंजीवर मांडी घातली आणि म्हणाला, "आज तेहतीस हं वहिनी."

"अहो भाऊजी, ते त्या दिवशीचं होतं."

"असं कसं?" अक्का मध्ये पडल्या. "वाण काय दिवसावारी असतं? पाणी सोडून दिलंय मी."

खरी अडचण अक्कांची नव्हती, मोहिनीची स्वतःची होती. पाणी सोडून दिलेलं वाण परत घेता येत नाही असं तीही मानत होती.

झालं. एका दुपारी एकट्याच्या हातून इतके फासे पडतच नाहीत. म्हणजे रंगनाथाचं चुकणंच बंद झालं. तो भुयारात शिरला तर जिवंत बाहेर यायचा, वाघावर गेला तर वाघ आडवा. बाकीचे तिघे नुसते वऱ्हाडी.

मोहिनीने उपाय केले नाहीत असं नाही. आधी तिने दरोडेखोर तगडे केले. रंगनाथ फासे टाकत टाकत तरला आणि पहिल्याच घावात पुंजा मेला. धनराज चार दिवस तोंड पाडून होता, शेवटी पुंजाला परत जिवंत करावं लागलं. मग तिने सगळ्यांचेच वर वाढवले. त्याने असा गोंधळ झाला की एक नदी ओलांडायला चहाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि अक्का बसल्या बसल्या घोरायला लागल्या. मग तिने नेमकी अट काढली: परत टाकलेल्या प्रत्येक फाशामागे रंगनाथाची एक भाकरी संपते, भाकऱ्या संपल्या की अंगातलं त्राण गेलं. ही अट तिला पूजा करताना सुचली होती, म्हणून देवाचीच कृपा असं धरून ती खुशीत होती. रविवारी रंगनाथाच्या भाकऱ्या संपल्या, मोहिनी म्हणाली, "आता रंगनाथ भुकेने..."

"कुसाबाई देती त्याला भाकर," अक्का म्हणाल्या.

"अक्का, कुसाबाईकडे एकच उरलीय. ती काय खाईल?"

"ती ऱ्हाईल उपाशी. एकादशी समज. माझ्या पंगतीला जावई उपाशी उठायचा नाय, गोष्टीत काय नि घरात काय."

शेवटचा उपाय म्हणून तिने एक वेताळ आणला, ज्याच्यापुढे परत टाकलेला फासा चालत नाही. दिनेश हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "वहिनी, हा खास माझ्यासाठी काढलेला दिसतोय." तो उठून गेल्यावर अक्कांनी मोहिनीला स्वयंपाकघरात गाठून ऐकवलं, "जावयाला पाण्यात बघू नको. माझी लेक त्याच्या घरात नांदायचीय." वेताळ गेला. तीन वर्षं अशी गेली. पोथी वाचून झाली की मोहिनी हात जोडायची आणि मनात यायचं, देवा, बाकी काही नको, एवढा डाव सरळ कर. मग देवापुढे फाशाचं गाऱ्हाणं नेलं म्हणून स्वतःच खजील व्हायची.

आणि आता पुन्हा धोंड्याचा महिना, अधिक ज्येष्ठ. उद्या दिनेश येणार. पुन्हा अनारसे, पुन्हा ताम्हन. आणि सायली म्हणते खेळत नाही.

"भाऊजी काही बोलले का तुला?" मोहिनीने विचारलं.

"नाही हो. ते कशाला बोलतील?" सायलीने थापलेला अनारसा अलगद उचलून तिच्या हातावर दिला. "मी पुढे जाते, बघते, परत येते. मी 'तिकडून जाऊ नका' म्हणेपर्यंत भाऊजींनी फासा टाकलेला असतो. चुकला तर परत टाकतात. परत चुकला तर परत. ज्याला पडायची भीतीच नाही त्याला वाट कशी आहे ते कशाला सांगायचं? मग नवसाबाईने तरी काळोखात कशाला जायचं?"

एका दमात इतकं सायली सतरंजीबाहेर पहिल्यांदाच बोलली होती, आणि ते निरोपाचं होतं.

संध्याकाळी ती अक्कांपाशी गेली. "अक्का, त्या फाशांचं काहीतरी करा ना. तुम्हीच दिलेत."

"दिलंय ना? मग परत कसं मागू? कुत्र्याचा जल्म येईल मला."

"सायली खेळ सोडतेय."

"सोडू दे. बरंच हाय, तेवढी भांडी होतील." मग अक्कांनी जपमाळ उचलली. "पर... खरंच सोडती का?" आणि जपमाळ ओढायला लागल्या.

रविवारी दिनेश आणि तृप्ती आले. ऊन असं की गॅलरीच्या लाद्यांवर पाय ठरेना. धोंडे झाले, आमरस झाला, ताम्हनात दिवा लागला, अक्कांनी वाण दिलं. दिनेशने ते डोक्याला लावलं आणि थट्टेने म्हणाला, "अक्का, नावाला माझं वाण हं. मागच्या धोंड्याला मला मोजून दोन अनारसे मिळाले. आईने बाकी सगळे आळीत वाटले."

"मग? वाण वाटायचंच असतं. एकट्याने खाल्लं तर पचायचं नाय," अक्का म्हणाल्या.

मोहिनी पाटाखाली सांडलेलं पाणी पुसत होती. तिचा हात थांबला. ती तशीच उकिडवी बसून म्हणाली, "अक्का, वाण सगळ्याचंच वाटायचं? की फक्त अनारशांचं?"

"वाण म्हंजे वाण. सगळं."

"मग भाऊजींच्या फाशांचंही तसंच की. तेहतीस त्यांचेच. पण स्वतःवर नाही वापरायचे, दुसऱ्याला द्यायचे."

दिनेशने अक्कांकडे पाहिलं. अक्का आताच बोलल्या होत्या, त्यांना मागे फिरता येईना. शिवाय देणारा व्हायचं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? "चालेल की वहिनी!" तो छाती पुढे काढून म्हणाला. "मागा ज्याला हवं त्याने!"

मोहिनीचं मन एकदम हलकं झालं. तीन वर्षांचं कोडं असं फरशी पुसता पुसता सुटावं! तिने सायलीला हाक मारली. "बघू हो इथलं झाल्यावर," म्हणून सायली उष्टी काढत राहिली. सतरंजीवर बसली नाही.

खेळ सुरू झाला. नवसाबाई गावी निघालीय, असं मोहिनीने सांगून टाकलं. मंडळी एका भुयाराशी आली होती. पलीकडे जायचं तर तीच वाट. पुंजा तोंडाशी पडलेली शिळा हटवायला गेला. धनराजचा फासा पडला चार.

"घ्या दादा, माझ्याकडून एक!" दिनेशने मोठ्या ऐटीत फासा उचलून पुढे केला. धनराजने हात पुढे केला आणि अक्कांनी त्या हातावर फाडकन चापट दिली.

"लाज हाय का? लेकीच्या घरचं घेतो? मी तिच्या घरी जाऊन घोटभर पाणी पीत नाय, नि तू जावयाकडून फासा घेतो?"

"अक्का, खेळ आहे..."

"खेळात वाण चालतं ना? मग हेबी चालतं!"

पुंजाच्या पायावर शिळा आली. कुसाबाईने मुळी उगाळली, अक्कांचा फासा पडला पाच. दिनेशने पुन्हा देऊ केला. अक्कांनी दोन्ही हात जोडले. "नको बापू. पाप लावू नका म्हातारीला."

मोहिनी कपाळाला हात लावून बसली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. जावयाला किती द्यावं याला या घरात मर्यादा नव्हती, आणि जावयाकडून काय घ्यावं याचं उत्तर शून्य होतं. दिनेशपुढे तेहतीस फाशांची रास होती आणि तिला गिऱ्हाईक नव्हतं.

आता रंगनाथाची पाळी. भुयारात शिरायचं होतं. दिनेशने फासा मुठीत घोळवला, टाकायला हात उचलला, आणि थांबला. चुकला तर चुकला. परत टाकता येणार नव्हता. त्याने मूठ खाली घेतली. आजूबाजूला पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "सायलीवहिनी, ती तुमची नवसाबाई... गेली का गावी?"

"निघाली होती," मोहिनी मोठ्याने म्हणाली. "एसटी चुकली म्हणे."

नळाची धार थांबली. सायली दारात आली, हाताला राख तशीच. "कशाला हवीय?"

"जरा पुढे जाऊन बघता का, आत काय आहे?"

सायलीने पदराला हात पुसले, येऊन सतरंजीच्या कडेला बसली, आणि तिचा तो आवाज निघाला. "सगळे मागे सरा. कुणी माझ्या मागे येऊ नका. कुसाबाई, खोकू नका."

अक्कांनी पदर तोंडाला लावला.

सायलीचा फासा पडला दोन.

"अरेरे! घ्या ना वहिनी, तुम्ही तरी घ्या," दिनेश अगदी कळवळून म्हणाला.

"नको," सायली म्हणाली. "पडला तसा राहू दे."

मग भुयारातल्या दरोडेखोरांनी नवसाबाईला धरलं. रंगनाथ एकाच फाशाच्या जिवावर तिला सोडवायला धावला, सहा पडला, आणि तोही मुसक्या बांधून तिच्या शेजारी. धनराज गुडघ्यावर उठून ओरडत होता, तृप्ती टीव्ही सोडून दारात उभी होती. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या हॉलमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं की पुढे काय होणार.

दिनेश मात्र हसत नव्हता. "म्हणजे वहिनी, माझ्याकडे तेहतीस फासे, आणि एकही चालत नाही? सगळ्यांना एकेक वर आणि मला नुसता मान?" तो उठला. "चल तृप्ती, ऊन उतरलंय." चहासुद्धा न घेता निघाला. स्कूटर सुरू झाल्यावर तृप्तीने मागे वळून वहिनीकडे असं पाहिलं की आता घरी जाऊन हे मलाच ऐकायचंय.

मोहिनी सतरंजी झटकत राहिली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हाच तर त्रास होता. एक पारडं वर आणलं की दुसरं जमिनीला टेकायचं. आता रंगनाथाला नवा वर शोधा, त्याला अट शोधा, ती अट अक्कांना चालेल का बघा, आणि मग पुढच्या रविवारी आणखी कुणाचं तोंड वाकडं होतंय याची वाट बघा. तिला वाटलं, ते पुस्तक पुन्हा बरणीवर ठेवावं. लोणचं तरी नीट मुरेल.

"मोहिनीताई," सायली मोरीतून म्हणाली.

"काय गं?"

"नवसाबाईला दोराने बांधलंय की साखळीने?"

"का?"

"रविवारपर्यंत सांगून ठेवा. मला विचार करायला हवा."

मोहिनी काही बोलणार तोच बाहेरून अक्कांची हाक आली. चपलांच्या फळीवर अनारशांचा डबा तसाच राहिला होता. जावई रागात वाण विसरून गेला होता आणि अक्का त्या डब्याकडे बोट दाखवून उभ्या होत्या. धोंड्याचं वाण घरात राहणं बरं नव्हतं, आणि लेकीच्या दारी त्या स्वतः जाणार नव्हत्या.

मोहिनीने डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि वर फडकं बांधलं. उद्या सकाळी पोथी झाली की द्वारका चौकातून नाशिकरोडची बस धरायची आणि अनारशांचा डबा दिनेशच्या घरी पोचवायचा.